गाण्यांची मोजणी आणि वऱ्हाड



९ जुलै १९५५ रोजी अमेरिकेतल्या 'बिलबोर्ड' साप्ताहिकाच्या विक्रीयादीत बिल हेली आणि त्याच्या साथीदारांचं 'रॉक अराउंड द क्लॉक' पहिल्या क्रमांकावर आलं आणि आठ आठवडे तिथून हललं नाही. रॉक अँड रोलचा इतिहास सांगणारे बहुतेक जण याच तारखेपासून सुरुवात करतात. त्याच्या अडीच वर्षं आधी, ३ डिसेंबर १९५२ ला, रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली होती. हिंदी चित्रगीतांच्या सुवर्णकाळाचा हिशेब आपण आजही तिच्या पायदानांवरून, म्हणजे तिथल्या क्रमांकांवरून, मांडतो. दोन्हीकडे एक गोष्ट न तपासता धरून चाललेली असते, ती ही की पहिलं आलेलं गाणं म्हणजे लोकांना सर्वांत जास्त आवडलेलं गाणं. आज मला ही समजूत तपासायची आहे, आणि ती अमरावती-अकोल्याच्या बाजूने तपासायची आहे. माझं म्हणणं असं आहे की लोकप्रियतेची यादी आधी मोजणाऱ्याचा पत्ता सांगते आणि ऐकणाऱ्याची आवड त्यानंतर, जमेल तेवढीच सांगते. मोजणारा ज्या मुलखात पोचलाच नाही, तिथली आवड समजून घ्यायची तर वेगळा पुरावा हवा. वऱ्हाडाजवळ तो पुरावा आहे, तोही छापील स्वरूपात. त्याकडे पुरावा म्हणून पाहण्याची सवय मात्र आपल्याला लागलेली नाही.

आधी अमेरिकेकडे पाहू, कारण मोजणीचं शास्त्र तिथेच उभं राहिलं. १९५५ साली 'बिलबोर्ड'ची यादी एक नव्हती. दुकानात विकल्या गेलेल्या तबकड्यांची एक, रेडिओवरच्या निवेदकांनी वाजवलेल्या गाण्यांची दुसरी आणि हॉटेलांतल्या ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकून लावलेल्या गाण्यांची तिसरी. सगळं एकत्र करणारी 'हॉट १००' ही यादी ४ ऑगस्ट १९५८ ला आली. या याद्यांच्या शेजारी काळ्या लोकांच्या संगीताची यादी वेगळी असे. १९४९ पर्यंत तिचं नावच 'रेस रेकॉर्ड्स' होतं, मग ते बदलून 'रिदम अँड ब्लूज' झालं. नाव बदललं तरी भिंत उभीच राहिली. त्या भिंतीपायी काय घडलं ते पाहा. फॅट्स डॉमिनोचं 'एन्ट दॅट अ शेम' १९५५ मध्ये मुख्य यादीत दहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. तेच गाणं पॅट बून या गोऱ्या गायकाने म्हटलं आणि ते पहिलं आलं. लिटल रिचर्डचं 'टूटी फ्रूटी' सतराव्या क्रमांकावर थांबलं, बूनची नक्कल बाराव्यावर पोचली. रिचर्डच्या आवाजातली आग आणि बूनच्या आवाजातलं कोमट पाणी आज कोणीही शेजारी शेजारी ठेवून ऐकावं. क्रमांकांचा आणि गाण्याच्या ताकदीचा संबंध किती पातळ असू शकतो, ते कानालाच कळतं. बिग मामा थॉर्नटनचं 'हाउंड डॉग' १९५३ मध्ये काळ्यांच्या यादीत सात आठवडे पहिलं होतं. मुख्य यादीच्या लेखी ते गाणं जन्मलं १९५६ साली, एल्व्हिस प्रेस्लीने गायल्यावर, आणि त्याची ती तबकडी अकरा आठवडे अव्वल राहिली. ज्यांनी ते आधी ऐकलं, नाचले, पैसे देऊन विकत घेतलं, ते लोक होतेच. फक्त ज्या गल्ल्यातले पैसे मुख्य हिशेबात धरले जात, तो गल्ला त्यांचा नव्हता.

त्यातच १९५९-६० मध्ये लाचेचं प्रकरण बाहेर आलं. तबकड्या वाजवण्यासाठी कंपन्या निवेदकांना पैसे चारत, हे अमेरिकेच्या संसदीय चौकशीत उघड झालं. रॉक अँड रोल हे नाव घरोघर नेणारा निवेदक ॲलन फ्रीड याने १९६२ मध्ये गुन्हा कबूल केला. चक बेरीच्या 'मेबलीन' या पहिल्या गाजलेल्या गाण्यावर सहलेखक म्हणून याच फ्रीडचं नाव छापलं गेलं होतं आणि ते निघायला १९८६ साल उजाडावं लागलं. पण लाचेपेक्षाही मला महत्त्वाची वाटते ती १९९१ ची घटना, कारण तिच्यात कोणी लबाड असण्याची गरजच नाही. तोवर दुकानदार काय खपलं ते विचारल्यावर सांगत आणि त्यावरून यादी होई. १९९१ च्या मे महिन्यात 'बिलबोर्ड'ने अल्बमच्या यादीसाठी गल्ल्यावर यंत्राने वाचल्या जाणाऱ्या पट्टीच्या नोंदी वापरायला सुरुवात केली. जूनमध्येच एन.डब्ल्यू.ए. या कृष्णवर्णीय रॅप गटाचा अल्बम पहिला आला आणि सप्टेंबरात गार्थ ब्रूक्स या ग्रामीण ढंगाच्या गायकाचा अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झाला. महिन्याभरात देशाचे कान बदलत नाहीत. बदलली ती मोजणी. इतकी वर्षं प्रामाणिक दुकानदारसुद्धा त्यांना जे गिऱ्हाईक दिसे, जे नाव आठवे, तेच सांगत होते.

आता गीतमालेकडे येऊ. तिचा उगम सरकारी नकारात आहे. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. हा विद्वान मराठी माणूस शास्त्रीय संगीतावर मनापासून प्रेम करणारा होता, आणि त्याच प्रेमापोटी त्यांनी आकाशवाणीवर चित्रगीतांना कात्री लावली. चित्रपटाचं नाव सांगणं म्हणजे जाहिरात, म्हणून तेही बंद झालं. निर्मात्यांशी वाद वाढला आणि काही काळ आकाशवाणीवरून चित्रगीतं जवळजवळ हद्दपार झाली. तेव्हा श्रोत्यांनी रेडिओचा काटा कोलंबोकडे वळवला. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी उभारलेलं ताकदवान लघुलहरी केंद्र तिथे होतं, ते आता रेडिओ सिलोन झालं होतं. त्या केंद्रावर पाश्चात्त्य गाण्यांची 'बिनाका हिट परेड' इंग्रजीत चालत होती. ती गाजली म्हणून हिंदीत तसाच कार्यक्रम करायचं ठरलं. रॉक अँड रोलच्या काळातली अमेरिकी यादी आणि आपली गीतमाला यांचं नातं असं थेट आहे. मुंबईत ध्वनिमुद्रण व्हायचं, फिती कोलंबोला जायच्या आणि बुधवारी रात्री आठ वाजता विशीतल्या अमीन सायानींचा आवाज भारतभर पसरायचा. सुरुवातीला ती स्पर्धा होती. सात गाणी लावत आणि त्यांचा क्रम श्रोत्यांनी पत्राने कळवायचा असे. सायानींनी पुढे अनेकदा सांगितल्याप्रमाणे पहिल्याच भागाला नऊ हजार पत्रं आली आणि काही काळाने आठवड्याचा आकडा पासष्ट हजारांवर गेला. पत्रं उघडणंच अशक्य झालं, तेव्हा स्पर्धा थांबवून क्रमवार गाण्यांची तासाभराची माला झाली. क्रम ठरवायला दुकानांकडून विक्रीचे आकडे येत. पण एखादी तबकडी दुकानात संपली की मागणी असूनही विक्री शून्य दिसे, आणि आकडे फुगवता येतात हीही शंका होती. म्हणून गावोगावच्या श्रोता संघांची मतं जोडीला घेतली गेली. मोजणीचं अपुरेपण ओळखून ती सुधारण्याचा हा प्रयत्न अमेरिकेतल्या कुठल्याही यादीपेक्षा जास्त प्रांजळ होता, असं माझं मत आहे.

तरीही ही मोजणी वऱ्हाडात कुठवर पोचत होती? पन्नाशीच्या दशकातला रेडिओ आठवून पाहा. व्हॉल्व्हचा मोठा संच, छपरावर ताणलेली एरिअलची तार, वीज नसलेल्या गावात जड बॅटरी आणि पोस्टात दरवर्षी फी भरून नवा करून घ्यायचा परवाना. खेड्यात असा संच असलाच तर एखाद्या वाड्यात किंवा ग्रामपंचायतीत असे. तबकडी घ्यायची तर अमरावती, अकोला, फार तर खामगाव गाठायचं. पण तबकडी ऐकायला ती विकत घ्यावी लागत नव्हती, आणि इथेच विक्रीचा आकडा कोलमडतो. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट तालुक्यांतलं लग्न डोळ्यांसमोर आणा. भाड्याने आलेला लाउडस्पीकरवाला मांडवाच्या कोपऱ्यात पेटी मांडतो, कडुनिंबाच्या फांदीला भोंगा बांधतो. लाखेच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपते, मग तो ती उलटतो, सुई बदलतो आणि लोक मागतील तीच तबकडी पुन्हा चढवतो. हळदीपासून पाठवणीपर्यंत एकच गाणं पंधरा-वीस वेळा वाजतं. आसपासच्या शेतांत कापूस वेचणाऱ्या बायांच्या कानांवरही ते पडतं. दुकानाच्या वहीत या साऱ्याची नोंद एक तबकडी, तीही कधीतरी मागच्या वर्षी खपलेली. अमेरिकेतल्या ज्यूकबॉक्समध्ये गाणं लावायचं तर नाणं पडे, म्हणजे आवड पैशात मोजता येई. मांडवातल्या भोंग्याला नाणं टाकायची फट नव्हती. बहिरमच्या यात्रेतल्या तंबूंचंही तेच, आणि चित्रपट घेऊन गावोगाव फिरणाऱ्या टूरिंग टॉकीजचंही तेच.

गंमत अशी की मोजणी वऱ्हाडाला नवी नव्हती. चित्रपट-वितरणाच्या धंद्यात सी. पी.-बेरार हा स्वतंत्र विभाग मानला जातो आणि अमरावती हे त्यातलं जुनं, मोठं ठिकाण. तिकीटबारीचा गल्ला इथे पैन्‌पै मोजला जात होता. कापसाची गाठ, सरकीचा भाव, तिकिटाचा दर, सगळ्याचा हिशेब होता. गाण्याचा हिशेब मात्र मुंबई-कोलंबोच्या भरवशावर सोडला गेला होता. त्यात वऱ्हाडाचं मत जाई ते पोस्टकार्डावर, १९५७ नंतरच्या पाच नव्या पैशांच्या पोस्टकार्डावर. आणि ते लिहिणाराही अक्षर येणारा, बहुधा तालुक्याच्या गावचा तरुण असायचा. त्याची बहीण, त्याच्या शेतावरचा सालदार, जात्यावर बसणारी आजी यांच्या नावाचं कार्ड निघत नव्हतं.

मग त्यांची आवड कुठे शोधायची? माझं उत्तर आहे: चालीच्या ओळीत. भजनाच्या, कीर्तनाच्या, जलशाच्या, लग्नगीतांच्या, निवडणुकीच्या गाण्यांच्या पातळ पुस्तिका आपल्या जिल्ह्यांत यात्रेच्या दुकानांवर आणि मेळाव्यांत विकल्या जात. खरबरीत स्वस्त कागद, दोन टाचण्या, रंगीत वेष्टन. यातलं एखादं पान उघडून नीट पाहा. वर गाण्याचं नाव, त्याखाली बारीक टाइपात कंसात 'चाल', आणि पुढे एखाद्या प्रसिद्ध गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द आणि टिंबं. चित्रपटाचं नाव नाही, संगीतकाराचं नाही, गायकाचं नाही. स्वरलिपी तर नाहीच. एवढ्या तुटपुंज्या खुणेवर ते गाणं म्हणणं छापणाऱ्याने वाचणाऱ्यावर सोपवलेलं असतं. हे कधी शक्य होतं? मूळ गाणं वाचणाऱ्याला, त्याच्या मागे ओढणाऱ्या झिलकऱ्यांना आणि समोर बसलेल्या गावाला आधीच पाठ असेल तरच. लोकप्रियतेचा यापेक्षा कडक पुरावा मला माहीत नाही. तबकडी विकत घेणारा ती एकदा ऐकून कपाटात ठेवू शकतो. ज्या चालीवर नवं गाणं बांधलं जातं, ती चाल मात्र शेकडो गळ्यांत आधी बसलेली असावीच लागते.

या दृष्टीने राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं काम पाहण्यासारखं आहे. १९०९ मध्ये यावलीला जन्मलेल्या आणि १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज उभारणाऱ्या या माणसाने खंजिरीच्या एका वाद्यावर वऱ्हाड हलवलं, १९५५ मध्ये जपानच्या विश्वधर्म परिषदेपर्यंत तो आवाज नेला. त्यांच्या छापील भजनांच्या माथ्यावर 'तर्ज' अशी ओळ ठिकठिकाणी असते. त्या ओळी लोकांना आधीच ठाऊक असलेल्या चालींची नावं सांगतात. संतवाणीच्या अभ्यासकांनी भजनाचा आशय अभ्यासला, तो अभ्यासायलाच हवा. पण 'तर्ज'ची ओळ वगळून पुढे गेलं तर त्या काळच्या वऱ्हाडी कानाची नोंद हातातून निसटते. आंबेडकरी जलशांचं आणि भीमगीतांचंही असंच. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर विदर्भातल्या वस्त्यांमध्ये नव्या गाण्यांचा पूर आला. वामनदादा कर्डकांसारखे शाहीर गावोगाव गात फिरले. ती गाणी तबकडीवर फारशी आली नाहीत, गीतमालेत तर येणारच नव्हती. पुढे कॅसेट स्वस्त झाल्यावर ती दुकानांच्या फळ्यांवर आली आणि बाहेरच्यांना वाटलं, हे नवीनच काहीतरी आहे. गाणारे तेच होते, त्यांच्यापर्यंत मोजपट्टी आत्ता पोचली होती.

उसनी चाल ही गावठी, गरिबांची सोय आहे, त्यावरून अभिरुची कशी ठरवायची, असा एक आक्षेप मी ऐकला आहे. आक्षेप घेणाऱ्यांनी पुन्हा अमेरिकेच्या यादीकडे पाहावं. एल्व्हिसचं 'लव्ह मी टेंडर' १९५६ मध्ये पहिलं आलं, त्याची चाल १८६१ सालच्या 'ऑरा ली'ची. १९६० मध्ये पहिलं आलेलं त्याचं 'इट्स नाऊ ऑर नेव्हर' 'ओ सोले मिओ' या जुन्या इटालियन गाण्याच्या चालीवर आहे. बीच बॉईजच्या 'सर्फिन यू.एस.ए.'ची चाल चक बेरीची, आणि नंतर त्याचं नाव श्रेयात घालावं लागलं. मुंबईत सी. रामचंद्रांनी 'आशा' (१९५७) मध्ये रॉक अँड रोलच्या ठेक्यावर निरर्थक शब्दांचं जे गाणं रचलं, त्याच्या मुळाशी मुलांच्या खेळातली मोजणी आणि त्यांच्या गोवेकर वादक साथीदारांच्या कोकणी बोलण्याचे तुकडे आहेत. तेव्हा उसनवारी ही लोकप्रिय संगीताची सार्वत्रिक रीत आहे. फरक इतकाच की आपल्या पुस्तिकांनी उसनी चाल कुठली ते उघड छापलं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. भक्तिगीत आणि चळवळीचं गाणं यांची तुलना करमणुकीच्या गाण्याशी करूच नये, दोन्हींची जात वेगळी, असं म्हणतात. हेतू वेगळा आहे, हे मी मान्य करतो. गळा मात्र वेगळा नाही. सिस्टर रोझेटा थार्पचं चर्चमधलं गाणं १९४५ मध्ये काळ्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं, आणि रॉक अँड रोलचं मूळ शोधणारे आज तिच्या गिटारपाशी थांबतात. रे चार्ल्सने 'आय गॉट अ वुमन'ची चाल भक्तिगीतावरून घेतली. स्वतः एल्व्हिसला मिळालेले तिन्ही ग्रॅमी पुरस्कार भक्तिगीतांचे आहेत. तिकडे चर्चमधून चाल नाचाच्या दिवाणखान्यात गेली, आपल्याकडे टॉकीजमधून ती सामुदायिक प्रार्थनेत आली. वाहतूक दोन्ही दिशांनी चालते, आणि ती कुठून कुठे गेली हे चालीची ओळच सांगते.

तिसरं म्हणणं असं, की काळ हाच शेवटचा परीक्षक, आणि गीतमालेतली अव्वल गाणी आजही गायली जातात, म्हणजे यादी खरीच होती. यात तथ्य आहे. 'श्री ४२०' मधल्या जपानी जोड्याच्या गाण्याने १९५५ सालची वार्षिक यादी जिंकली आणि ते वऱ्हाडातल्या गाडीवानालाही पाठ होतं, याबद्दल मला शंका नाही. पण जे एकदा यादीत आलं तेच पुढे पुन्हा पुन्हा वाजवलं जातं, संग्रहांत येतं, म्हणून लक्षात राहतं. यादी आपलंच म्हणणं पुढच्या पिढीकडून वदवून घेते. याउलट चक बेरीचं उदाहरण घ्या. अमेरिकेच्या मुख्य यादीत त्याचं एकच गाणं पहिलं आलं, तेही १९७२ मधलं एक हलकंफुलकं, चावट गाणं. 'जॉनी बी. गुड' १९५८ मध्ये आठव्या क्रमांकावर राहिलं. १९७७ साली व्हॉयेजर यानासोबत पृथ्वीची ओळख म्हणून सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तेव्हा निवड झाली 'जॉनी बी. गुड'ची. त्याच तबकडीवर केरी गावात जन्मलेल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, आणि केसरबाईंचं नाव तर कुठल्याच पायदानावर कधी नव्हतं.

केसकरांच्या बाजूने बोलणारेही आहेत: लोकांची आवड मोजूच नये, घडवावी. मला हे पटत नाही. अपुरी मोजणी ही मोजणी नसण्यापेक्षा शतपटींनी बरी. आकाशवाणीने कान बंद केले तेव्हा रेडिओ सिलोनला गेलेल्या पत्रांच्या ढिगांनीच दिल्लीला ऐकायला लावलं. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली ती या दबावाखाली. १ नोव्हेंबर १९६७ ला तिची जाहिरात सेवा सुरू झाली ती मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवर, म्हणजे विदर्भाचा श्रोता बाजाराच्या हिशेबात उशिरा का होईना आला. पोस्टकार्ड लिहिणाऱ्या त्या तालुक्याच्या तरुणांचं हे श्रेय कोणी नाकारू नये. माझी तक्रार यादी असण्याबद्दल नाही, तिला सगळ्यांचा कौल समजण्याबद्दल आहे.

चालीच्या ओळीलाही मर्यादा आहेत, त्या लपवणं बरोबर नाही. समूहाला पेलणारी, सरळ लयीची चाल शाहीर निवडणार. तार सप्तकात भिरभिरणारं किंवा ठेका मोडत जाणारं गाणं कितीही आवडतं असलं तरी त्यावर भजन बांधलं जाणार नाही. पुस्तिकांवर अनेकदा छपाईचं साल नसतं. एकाच शाहिराच्या लाडक्या चाली पुन्हा पुन्हा येतात आणि आकडा वाकडा करतात. झडत्या, भुलाबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या यांच्या चाली स्वतःच्याच असल्यामुळे त्या या मोजणीतूनही सुटतात. पण या मर्यादा उघड दिसणाऱ्या आहेत, म्हणून त्यांची वजावट करता येते.

म्हणून संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या मराठी आणि इतिहास विभागांना, अकोल्याच्या बाबूजी देशमुख वाचनालयाला, तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांना आणि वस्त्या-वस्त्यांतल्या बुद्धविहारांना माझी एक विनंती आहे. अशा पुस्तिका घराघरांत ट्रंकांच्या तळाशी आणि देवघरांच्या फळ्यांवर वाळवी लागून पडलेल्या आहेत. त्या मागून आणाव्यात, त्यांची छायाचित्रं काढावीत आणि सूची करताना कवी, विषय, प्रकाशक, मुद्रणालय या नेहमीच्या रकान्यांसोबत एक रकाना चालीचा ठेवावा. कंसात जे दोन-तीन शब्द छापले असतील ते जसेच्या तसे तिथे उतरवावेत, मूळ गाणं ओळखता आलं तर चित्रपट आणि साल शेजारी लिहावं. नाही ओळखता आलं, तर गावातल्या जुन्या झिलकऱ्याकडे तो कागद घेऊन जावं आणि त्याला ती ओळ म्हणायला सांगावी. ती म्हणता येणारे लोक आज सत्तरी-ऐंशीच्या पुढचे आहेत, त्यामुळे ध्वनिमुद्रणाचं काम सूचीच्या आधी सुरू करावं लागेल.